सात नंबरचं सॅम्पल

उमाटेजींच्या छत्रीवर लेबल होतं. पांढऱ्या चिकटपट्टीचा बोटभर तुकडा, त्यावर पेन्सिलीनं नाव आणि छत्री घेतल्याची तारीख. जेवणाच्या डब्यावर लेबल, सायकलच्या पंपावर लेबल, चष्म्याच्या घरावर लेबल. स्टाफरूममधल्या माठावरसुद्धा त्यांनी 'पाणी आजचे' असं लिहून ठेवलं होतं आणि रोज सकाळी त्याखालची तारीख ते न चुकता बदलायचे. प्राचार्य एकदा गमतीनं म्हणाले, "उमाटेजी, मलाही एक लावा." उमाटेजी म्हणाले, "तुम्ही कवा भरती झाले ते सांगा जी, लावतो."

पेन्सिलच का, असं मी पहिल्याच आठवड्यात विचारलं होतं. ते म्हणाले, "शाई स्पिरिटनं पुसते म्याडम. पेन्सिल नाई पुसत." मी एम.एस्सी.ची डिग्री घेऊन नुकतीच नागपूरहून आले होते, आणि हे मला कोणी शिकवलं नव्हतं.

या माणसाचं मी काय केलं ते सांगायला हे लिहायला बसले आहे. पण आधी माणूस सांगते. लगेच मुद्द्यावर यायची मला हिंमत नाही.

वर्ध्यातल्या आमच्या विज्ञान महाविद्यालयाच्या सूक्ष्मजीवशास्त्र विभागात नामदेवराव उमाटे प्रयोगशाळा सहायक होते. नव्वदीच्या सुरुवातीला मी रुजू झाले तेव्हा त्यांनी पन्नाशी गाठली असेल. उंच, वाळका माणूस, बाह्या कायम मनगटापर्यंत आणि बटणं लावलेली. राहायचे पिपरी मेघेला. भावांची तिथे भाजीची बाडी होती. वांगी, मेथी, अंबाडी आणि सांभार, म्हणजे कोथिंबीर. सकाळी बाडीला पाणी देऊन ते सायकलनं कॉलेजात येत, आणि हँडलला लटकवलेल्या पिशवीतून कोणाकोणाच्या टेबलावर सांभाराची जुडी पडे. मी सिंदी मेघेला भाड्यानं राहायचे. माझ्या स्वयंपाकघरात विकतचा सांभार कित्येक वर्षं आला नाही.

जंतूंशी त्यांचं वागणं घरातल्या माणसांसारखं होतं. आमच्या विभागात पन्नासेक जातींचे जंतू काचेच्या नळ्यांत जपलेले होते. त्यांना महिन्या-महिन्याला ताजं अन्न असलेल्या नव्या नळीत हलवावं लागतं, नाहीतर उपासमारीनं मरतात. दिवाळीच्या सुटीत कॉलेजला कुलूप लागे, तेव्हा उमाटेजी भाऊबीज आटोपून किल्ली घेऊन येत. मी एकदा म्हटलं, "सुटी संपल्यावर केलं तर नाही का चालणार?" त्यावर ते गंभीरपणे म्हणाले, "चालते न. पन तुम्ही दिवाळीत पोट्ट्याईले उपाशी ठेवसान का?"

त्यांचं नाक हा आमच्याकडे दंतकथेचा विषय होता. जंतू वाढवायच्या काचेच्या ताटलीचं झाकण बोटभर उचलून ते वास घेत आणि जंतूची जात सांगत. हे करू नये असं पुस्तकात लिहिलेलं आहे, आणि मुलांना ते मी दरवर्षी बजावून सांगायचे, आणि मागे उमाटेजी झाकण उचलून उभे असायचे. एका वर्षी परीक्षेला बाहेरून आलेल्या परीक्षकांनी कुठलासा जंतू ओळखायला दिला. मुलं घामाघूम. उमाटेजी नळ्या मांडताना जवळून गेले आणि पुटपुटले, "आतड्यातला आहे बावा, ओळखीचा." परीक्षकांनी ऐकलं, चिडले, चाचणी करायला लावली. त्या चाचणीत नळीत एका रसायनाचे चार थेंब टाकतात. जंतूनं इंडोल नावाचा पदार्थ बनवला असेल तर वर लाल कडं धरतं. आतड्यातला नेहमीचा जंतू हे कडं हमखास देतो. नळीत कुंकवासारखं लाल कडं आलं, आणि परीक्षकांनी पुढचा अर्धा तास उमाटेजींशी वांग्यावरच्या किडीबद्दल गप्पा मारल्या.

पण मला सगळ्यात जास्त आठवतो तो त्यांचा पानांचा पाठ. मी बी.एस्सी.च्या मुलांना पेशी कशी मरते ते शिकवत होते. पेशीचं मरण दोन तऱ्हांचं असतं. एक ठरवून, आतल्या आत, आवरून घेतलेलं. दुसरं अपघाती, ज्यात पेशी फुटते आणि आजूबाजूला दाह होतो. फळाभर आकृत्या काढूनही मुलांचे चेहरे कोरेच होते. दुसऱ्या दिवशी उमाटेजी वांग्याच्या झाडाची दोन पानं घेऊन वर्गात आले. मला विचारलं, "सांगू का जी?" आणि उत्तराची वाट न पाहता मुलांकडे वळले.

"हे पिवळं पान झाडानं सोताहून सोडलं. त्यातलं जे कामाचं होतं ते झाडानं वापस घेतलं, मंग देठ ढिला केला. कोनाले तरास नाई. आन् हे दुसरं, हे गारीनं फाटलं. इथून रस गळला, बाजूच्या पानाईले बुरशी लागली. पेशीचंबी असंच आहे."

एका मुलीनं विचारलं, "मग काका, पहिलं चांगलं न?"

"चांगलं, पन खतरनाक तेच आहे," उमाटेजी म्हणाले. "गारपीट झाली त सारं गाव पाहाले जाते. गुपचूप गळनारं पान कोन पाह्यते? रोज बाडीत जाऊन मोजल्याशिवाय समजत नाई किती गेले ते."

मुलं हसली, मीही हसले. हे वाक्य मी नंतर वर्षानुवर्षं वर्गात वापरलं, कधी त्यांचं नाव घेऊन, कधी न घेता.

आता माझं सांगते.

मला पीएच.डी. करायची होती. तशी ती सगळ्यांनाच करायची असते, पण माझ्या बाबतीत सासर, माहेर, विभाग, सगळीकडे तो एक प्रश्न होऊन बसला होता. विषय मिळाला तो आतड्यातले जंतू आणि मूत्रपिंडाचा जुनाट आजार. तेव्हा हे नवीन होतं. आपण खातो त्या डाळी-दुधातला थोडा भाग न पचता मोठ्या आतड्यात उतरतो. तिथले जंतू तो तोडतात आणि त्यातून तेच इंडोल तयार होतं, लाल कड्यावालं. ते रक्तात जातं, यकृतात त्याचं रूप बदलतं आणि चांगलं मूत्रपिंड ते लघवीवाटे बाहेर टाकतं. मूत्रपिंड थकलं की ते रक्तात साचतं. आणि साचलेलं हे विष त्या थकलेल्या मूत्रपिंडाच्याच उरलेल्या पेशी मारत असावं, असा काही शास्त्रज्ञांचा कयास होता. त्या पेशी फुटत नाहीत. गुपचूप जातात.

मी हे उमाटेजींना समजावलं तेव्हा ते ताटल्या पुसत होते. ऐकून घेतलं आणि म्हणाले, "म्हंजे असं झालं म्याडम. घरात भाडेकरू कचरा करून राह्यले, झाडनारा बिमार पडला, आन् आता तोच कचरा झाडनाऱ्याले मारून राह्यला." माझ्या गाईड सरांना इतकं थोडक्यात कधी सांगता आलं नाही.

शहरातल्या एका डॉक्टरांकडून मला रोग्यांचे नमुने मिळत. तुलनेसाठी बारा निरोगी माणसं हवी होती. प्रयोगशाळांची यात एक जुनी रीत आहे. निरोगी माणूस शोधायला कोणी बाहेर जात नाही. विभागातले लोक, शिपाई, ओळखीपाळखीचे, जो चालता-बोलता आहे तो निरोगी. पहिल्या दिवशी उमाटेजी म्हणाले, "मले घ्या न. मी कवा बिमार पडलो नाई." त्यांचे गुडघे दुखायचे आणि त्यासाठी ते रोज एक-दोन गोळ्या घ्यायचे, हे मला माहीत होतं. त्याला आजार म्हणायचं आमच्या डोक्यातच आलं नाही. यादीत सातव्या नंबरला त्यांनी स्वतःच्या हातानं स्वतःचं नाव लिहिलं.

डॉक्टरांकडची नर्स येऊन रक्त काढून गेली. पुढचं सगळं उमाटेजींनी केलं. नळ्या यंत्रात फिरवल्या, वरचं पिवळसर पाणी, म्हणजे सीरम, वेगळं केलं, प्रत्येक नळीला पेन्सिलीनं लेबल लावलं. तपासणी मी रविवारी एकटी बसून केली.

क्रिएटिनिन हा मूत्रपिंडानं रक्तातून बाहेर टाकायचा आणखी एक टाकाऊ पदार्थ. त्याच्या तपासणीत सीरममध्ये रसायन घालून रंग पाहायचा असतो. मूत्रपिंड ठीक असेल तर फिकट नारिंगी, बिघडलेलं असेल तर गडद. अकरा नळ्या फिकट होत्या. सात नंबरची गडद होती. रोग्यांच्या नळ्यांमध्ये ठेवली असती तर वेगळी ओळखू आली नसती.

पहिला विचार आला की नळी बदलली. मग लेबल पाहिलं. त्या विभागात बाकी काहीही चुकू शकत होतं, माझी बेरीज चुकू शकत होती, उमाटेजींचं लेबल चुकत नव्हतं. मी तपासणी पुन्हा केली. तोच रंग. मग त्याच सीरममधून दुसरी तपासणी केली, जंतूंच्या त्या विषाची. तीही वाढलेली. दोन वेगळ्या तपासण्या एकच गोष्ट सांगत होत्या, आणि मला ती ऐकू आली. हे मी इथे स्पष्ट लिहिते, कारण नंतर बरीच वर्षं मी स्वतःला सांगत होते की मला शंका होती, खात्री नव्हती. मला खात्री होती.

सोमवारी गाईड सरांकडे गेले. त्यांनी कागदावर नजर टाकली आणि म्हणाले, "एखादा आकडा असा रांगेबाहेर जातोच. सॅम्पल खराब लिही आणि दुसरा माणूस घे. महिनाभरात सबमिट करायचंय ना?" तो माणूस कोण आहे हे त्यांनी विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही. त्यांच्यावर मी काही ढकलत नाही. त्यांना सात हा आकडा दिसला होता. मला चेहरा दिसत होता.

ग्रंथालयातला शिपाई कवडू आला, रक्त देऊन गेला. त्याची नळी फिकट निघाली. मी रजिस्टरमध्ये सात नंबरवर लाल रेघ मारली आणि शेऱ्यात लिहिलं, 'सॅम्पल खराब'.

तीन-चार दिवसांनी सकाळी मी दार उघडून आत गेले तर उमाटेजी रजिस्टर समोर घेऊन उभे होते.

"म्याडम, सात नंबर काऊन काटला?"

मी पर्स टेबलावर ठेवली. म्हटलं, "खराब झालं होतं."

"कसं खराब?"

"फिरवताना पेशी फुटल्या असतील."

"फुटल्या असत्या त सीरम लाल दिसलं असतं जी. हे तर पान्यासारखं साफ होतं. मी पाह्यलं होतं."

"दिसायला साफ होतं," मी म्हटलं.

पेशी फुटल्या. जगातल्या सगळ्या थापांमधून मी नेमकी ही निवडली. त्यांच्या पेशी फुटत नव्हत्या, पिवळ्या पानांसारख्या एकेक गळत होत्या, आणि मोजणारी मी एकटीच होते.

त्यांनी रजिस्टर मिटलं. मग त्यांनी डाव्या बाहीचं बटण काढलं, बाही दोनदा दुमडली, कोपरापर्यंत वर केली आणि हात माझ्यासमोर टेबलावर ठेवला. "दुसरं घ्या मंग. आता बराबर करतो."

तो हात मला अजून दिसतो. पातळ कातडी, खालची हिरवी शीर. नर्सला फोन केला असता तर ती तासाभरात आली असती. पण दुसरं सॅम्पलही तसंच आलं तर? मग बोलावं लागलं असतं. मग कवडू कसा घुसला ते सांगावं लागलं असतं, बाकीचे आकडे तपासावे लागले असते, महिना लांबला असता. हे सगळं माझ्या मनात एका क्षणात होऊन गेलं. माणूस स्वतःच्या फायद्याचा हिशेब फार भराभर करतो.

"राहू द्या उमाटेजी," मी म्हटलं. "बारा पूर्ण झालेत."

त्यांनी बाही सावकाश खाली केली आणि बटण लावलं.

त्यानंतर महिनाभर ते नळ्या दोन-दोनदा धूत होते. फिरवायचं यंत्र त्यांनी खोलून तेल घातलं, सुताराकडून खालची फळी सपाट करून घेतली. मुलांना सांगायचे, "हळू फिरवा बावा, माह्या हातून म्याडमचं एक सॅम्पल गेलं." मी ऐकायचे आणि वहीत डोकं घालायचे. मी डॉक्टर थोडीच आहे, असं मनाशी म्हणायचे. माझ्या प्रबंधाच्या पहिल्या प्रकरणात मात्र मी सतरा पानं लिहिली होती, की हा आजार लवकर कळला तर रक्तदाबाच्या गोळ्यांनी, मीठ कमी करून, दुखण्यावरच्या गोळ्या थांबवून तो पुष्कळ वर्षं लांबवता येतो. ती पानं उमाटेजींनीच टायपिस्टकडे नेऊन दिली.

मला पदवी मिळाली. त्यांनी सगळ्या विभागाला पेढे वाटले, स्वतःच्या पैशानं.

दोनेक वर्षांनी ते निवृत्त झाले. निरोपाच्या कार्यक्रमात सगळे छान छान बोलले, मीही बोलले, पानांची गोष्ट सांगितली. मग उमाटेजी उभे राहिले. माइकची त्यांना सवय नव्हती. म्हणाले, "मी काई जास्त नाई बोलत. पस्तीस साल काम केलं. भांडे फुटले असतील, ते माफ करा. पन सॅम्पल माह्या हातून एकच खराब झालं. ते म्याडमचं होतं. म्याडमनं कवा त्याचा राग नाई धरला. त्याईची माफी मागतो." आणि माझ्याकडे पाहून हात जोडले.

लोकांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या. त्या दिवशी व्यासपीठावर जाऊन एक वाक्य बोलायला किती वेळ लागला असता? अजून उशीर झालेला नव्हता. निदान पूर्ण झालेला नव्हता.

नंतर ते कधीतरी बाजारात भेटायचे. भावाच्या दुकानावर बसून वांगी तोलायचे. एका रविवारी मी भाजी घ्यायला वाकले आणि त्यांचा चेहरा जवळून पाहिला. डोळ्यांखाली सूज होती. चपलेचा पट्टा पायात रुतल्याची खूण होती. सारखे दंड खाजवत होते.

"तब्येत बरी आहे ना?" मी विचारलं.

"बरी आहे जी. भूक तेवढी नाई लागत. आन् खाज येते."

"एकदा रक्त तपासून घ्या," मी म्हटलं. हे मी इतक्या हलक्या आवाजात म्हटलं की सहज सुचवल्यासारखं वाटावं.

ते हसले. "माहं रक्त तं फिरवताना फुटते म्याडम. तुम्हाले मालूमच आहे."

मीसुद्धा हसले. अर्धा किलो वांगी घेतली आणि घरी आले. त्या दिवसाची मला सगळ्यात जास्त लाज वाटते. पहिल्या वेळी निदान घाई होती. त्या रविवारी मला कसलीही घाई नव्हती.

वर्षभरानं कवडूनंच बातमी आणली. "उमाटेजी हप्त्यातून दोनदा नागपूरले जाते म्हने. रक्त धुवाले." कवडू ठणठणीत होता, पुस्तकांचा गठ्ठा खांद्यावर घेऊन उभा होता. मी त्याच्याकडे पाहू शकले नाही.

जायला मला आणखी तीन महिने लागले.

पिपरी मेघेचं त्यांचं घर मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं. पुढे दोन खोल्या, मागे बाडी. ओसरीत खाटेवर ते उशीला टेकून बसले होते. रंग काळवंडला होता. शेजारी पाण्याची बाटली होती आणि तिच्यावर वरपासून खालपर्यंत चिकटपट्टी. पट्टीवर पेन्सिलीच्या रेघा, प्रत्येक रेघेपुढे वेळ. दिवसाला किती पाणी प्यायचं ते डॉक्टरांनी ठरवून दिलं होतं. उमाटेजींनी त्याची मोजपट्टी बनवली होती.

"या म्याडम," ते म्हणाले. "पाहा, अखीन डूटी सुरूच आहे."

त्यांच्या बायकोनं, काकूंनी, मला खुर्ची दिली आणि चहा टाकायला आत गेल्या. उमाटेजी नागपूरच्या यंत्राचं कौतुक सांगायला लागले. किती नळ्या, कुठला पंप, नर्स लेबल नीट लावत नाही म्हणून तिला कसं शिकवलं. मी ऐकत होते. मग त्यांचं बोलणं मध्येच तोडून मी म्हटलं, "उमाटेजी, ते सात नंबरचं सॅम्पल खराब नव्हतं."

ते थांबले. "नव्हतं?"

"नाही. आकडा खरा होता. तुमचा आजार तेव्हाच सुरू झाला होता. मी दोनदा तपासलं होतं. मला कळलं होतं, आणि मी तुम्हाला सांगितलं नाही."

मी हे पाठ करून आले होते, तरी शेवटचं वाक्य नीट आलं नाही. त्यांनी ओरडावं, मला घालवून द्यावं, असं मला खरंच वाटत होतं. त्यांनी चष्मा काढला, धोतराच्या टोकानं पुसला आणि परत लावला.

"म्हंजे फिरवताना नाई फुटलं?"

"नाही."

"लेबल?"

"लेबल बरोबर होतं. सगळं बरोबर होतं तुमचं."

त्यांच्या सुजलेल्या चेहऱ्यावर हळूहळू जे आलं ते पाहायची माझी तयारी नव्हती. त्यांना आनंद झाला होता. त्यांनी आत हाक मारली, "ऐकलं का? ते म्याडमचं सॅम्पल माह्या हातून खराब नव्हतं झालं. बराबर होतं म्हने."

काकू चहाचे कप घेऊन दारात उभ्या होत्या. त्यांनी सगळं ऐकलं होतं. नवऱ्याकडे न पाहता त्यांनी मला विचारलं, "म्हंजे तुम्हाले तवाच मालूम होतं?"

"हो."

"किती साल झाले?"

"सहा."

"सहा साल," काकू म्हणाल्या. त्यांनी दोन्ही कप जमिनीवर ठेवले आणि आत गेल्या. पुन्हा बाहेर आल्या नाहीत.

"म्याडमचं थीसिस होतं न," उमाटेजी दाराच्या दिशेनं म्हणाले.

चहा मी प्यायला की नाही ते आठवत नाही. निघाले तेव्हा ते नको म्हणत असतानाही उठले, बाडीतून सांभार आणि अंबाडी खुडून आणली. "मले पालेभाजी बंद केली," म्हणाले, "तुम्ही न्या." जुडी कागदात बांधली, खिशातून चिकटपट्टी काढली, तुकडा तोडून त्यावर तारीख लिहिली आणि चिकटवला. फाटकापर्यंत माझ्यासोबत आले. तिथे त्यांनी डाव्या बाहीचं बटण काढलं आणि बाही दोनदा दुमडून वर केली. मनगटाच्या वर शीर दोरीएवढी फुगलेली होती.

"नागपूरवाल्याईनं दोन नसा जोडल्या. हात लावून पाहा न."

मी दोन बोटं ठेवली. कातडीखाली रक्त थरथरत, घरघरत पळत होतं. बाडीतल्या मोटारीच्या पाइपावर हात ठेवल्यासारखं.

"आता लय सोपं झालं," ते म्हणाले. "पाह्यजे तवा सॅम्पल भेटते."

त्यात टोमणा नव्हता. असता तर मला बरं वाटलं असतं.

चार महिन्यांनी ते गेले. मी अंत्यविधीला गेले नाही, काकूंसमोर उभं राहायची माझी हिंमत नव्हती. त्यामुळे मला शेवटचे दिसतात ते त्या फाटकाशीच. वळणावर पोचून मी मागे पाहिलं तर ते तिथेच उभे होते. सहा वर्षांपूर्वी मी 'राहू द्या' म्हटल्यावर त्यांनी बाही खाली करून बटण लावलं होतं. त्या दिवशी ती तशीच वर होती.